जपानी बाईचा श्वास

माझ्या नवऱ्याने मला कितीतरी वर्षं कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं होतं. निदान कुवेतमध्ये, फहाहीलला, आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत तशीच समजूत होती. एवढी वर्षं क्लासला जाणाऱ्या बाईला साधं पत्र टाइप करता येत नाही, याचं तिथल्या बायकांना फार नवल वाटायचं. एकीने तर मला बाजूला घेऊन सुचवलं, की नसेल जमत तर शिवणाचा क्लास लावा, त्यात डोकं लागत नाही. मी 'बघते' म्हणायचे. दुसरं काय म्हणणार? क्लास नव्हताच. त्या वेळात मी शुवैखच्या वर्कशॉपांच्या भागात, एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर, एसी बंद केलेल्या खोलीत उभी राहून एका जपानी पोराचा आवाज काढत असे.

आवाज काढणं मला नवं नव्हतं. नाशिकला असताना शाळेच्या वयापासून मी रेडिओवरच्या बालनाट्यांत कामं करायचे, आणि आवाज बारीक पण खरखरीत असल्यामुळे माझ्या वाट्याला नेहमी मुलग्यांचीच कामं यायची. लग्न झालं आणि ते सगळं माळ्यावर गेलं. नवरा मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत मेंटेनन्सला इंजिनिअर. आखाती युद्ध संपून तिथली माणसं परत कामाला लागली त्या सुमाराला आम्ही गेलो, आणि मुलगी मांडीवर होती तेव्हापासून मी त्या फ्लॅटमध्ये भिंती बघत बसले.

ज्याने मला काम दिलं तो भाई रत्नागिरीकडचा. त्याची व्हिडिओ कॅसेटची दुकानं होती, एक आमच्याच भागात. एकदा मुलगी त्या दुकानात भोकाड पसरून रडत होती, म्हणून मी एका कॅसेटच्या वेष्टनावरच्या माकडाच्या आवाजात तिच्याशी भांडायला सुरुवात केली. ती गप्प झाली. भाई गल्ल्यावरून उठून आला आणि मला म्हणाला, वहिनी, पुन्हा करा बघू. त्याने दुबईच्या एका एजंटकडून एका जपानी कार्टूनचे हक्क घेतले होते आणि ते हिंदीत करून आखातातल्या सगळ्या हिंदी समजणाऱ्या पोरांना विकायचा त्याचा बेत होता. कार्टून एका बंदरातल्या गावाचं होतं. बाप समुद्रावर गेलेला, पोरगा मासळी विकणाऱ्या मावशीकडे राहतो, कायम भुकेला, कायम खोटं बोलणारा. इतर पुष्कळ कार्टून असताना हेच का घेतलं, असं मी विचारलं तेव्हा भाईने कॅसेट थांबवून मला पडदा दाखवला. तिथे बांबूवर मासे वाळत घातलेले होते. तेवढ्यावर त्याने पैसे टाकले होते.

अडचण एकच होती, पण ती मोठी. मी नवऱ्याच्या फॅमिली व्हिसावर. माझ्या अकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, स्पष्ट शिक्का होता की या बाईला काम करायला परवानगी नाही. पकडले गेले असते तर मला विमानात बसवलं असतं आणि माझ्या मागोमाग नवऱ्यालाही. नवऱ्याने दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाला, कारण माझं घरातलं तोंड त्याला सोसत नव्हतं. मात्र त्याची अट होती की कुणालाही कळता कामा नये. नाव कुठे येता कामा नये. आणि मुलीला तर मुळीच सांगायचं नाही, ती शाळेत बोलून बसेल. क्लासची कल्पना त्याचीच. मुलीची दहावी झाली की आपण तिला सांगू, असं तो म्हणाला होता. मी ते गाठीशी बांधून ठेवलं.

स्टुडिओ म्हणजे एक लाकडी खोका होता, आतून गालिचे आणि अंड्यांचे ट्रे ठोकलेले. खाली गॅरेज, शेजारी टायरवाला, मागे पत्रा कापणारे. दिवसभर ठोकाठोक चालायची, म्हणून आमचं काम दुपारी. जेवणाच्या सुट्टीत सगळी वर्कशॉप बंद व्हायची आणि शुवैख चिडीचूप व्हायचं, तेवढ्या वेळात आम्ही उरकायचो. एसीची घरघर माइकमध्ये येते म्हणून तो बंद. जूनमध्ये त्या खोक्यात उभं राहणं काय असतं ते मी सांगत बसत नाही. बांग झाली की थांबायचं, खाली कुणी शटर उघडलं की थांबायचं. काचेपलीकडे मल्याळी रेकॉर्डिस्ट बसायचा. तो फारसं बोलत नसे आणि त्याला आमची हिंदी किती मराठी आहे ते कळत नसे, हे माझ्या पथ्यावर पडलं.

पहिल्याच दिवशी त्याने माझ्या हाताकडे बोट दाखवलं. बांगड्या. मग गळ्याकडे. मंगळसूत्राचे मणी एकमेकांवर घासले की माइक ते उचलतो. मी दोन्ही काढून पर्समध्ये ठेवलं आणि पुढे रोज ठेवत गेले. एकदा घरी आल्यावर घालायचं विसरले. नवऱ्याने दार उघडलं, माझ्या गळ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी जेवताना त्याला अचानक माझ्या कामाबद्दल कधी नव्हे तेवढी उत्सुकता वाटू लागली. खोलीत कोण असतं, दार बंद असतं का, रेकॉर्डिस्टचं लग्न झालंय का. मी म्हटलं, खोलीत एक बाई असते. जपानी.

खोटं नव्हतं. माझ्या एका कानात ती असायची. मूळ कॅसेटवरचं तिचं बोलणं डाव्या कानात चालू, उजवा कान माझ्या स्वतःच्या आवाजासाठी उघडा. पोराचा आवाज बाईचा आहे हे मला पहिल्या वाक्याला कळलं, कारण मीही तेच करत आले होते. तिचं नाव मला माहीत नव्हतं. सुरुवातीच्या पाट्यांवर उभ्या ओळींत काही नावं वर सरकायची, त्यात असणार. भाई त्या पाट्या कापून तिथे स्वतःच्या दुकानांची जाहिरात घालायचा.

कार्टूनचं तोंड नुसतं उघडतं आणि मिटतं. त्याच्याकडे बघून बोललं की सगळं ठोकळ्यासारखं वाजतं. म्हणून मी तोंडाकडे बघणं सोडलं आणि तिच्या श्वासाकडे लक्ष ठेवलं. ती जिथे श्वास घेईल तिथे मी घ्यायचा, ती जिथे रोखून धरेल तिथे मी रोखायचा. शब्द माझे हिंदी, श्वास तिचा. पोरगा खोटं बोलण्याआधी ती नाकाने एक छोटा श्वास आत ओढायची, ऐकणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही इतका. रडण्याआधी उलट बाहेर सोडायची. पोरगा तोंडात घास घेऊन बोलायचा तेव्हा ती खरोखरच काहीतरी खायची, मला चावणं ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशीपासून मीही पर्समध्ये खुबूसचा, तिथल्या रोटीचा, तुकडा नेऊ लागले. मला त्या कामात कुणी काही शिकवलं असेल तर तिने.

भाई कॅसेटी लॉटने विकत घेई, आणि पहिले लॉट जुने होते, स्वस्त पडतात म्हणून. त्यामुळे तिची वीस-पंचवीस वर्षं मी सात-आठ वर्षांत ऐकली. सुरुवातीला ती कोवळी होती, वाक्य कुठे सोडायचं ते तिला ठाऊक नव्हतं, किंचाळायची फार. मग तिला पोरगा सापडला. मग एका लॉटमध्ये तिचा श्वास वर वर यायला लागला, पोटातून वाक्य निघेना, आणि मी बाळंतपण केलेली बाई, मला लगेच कळलं. पुढच्या भागांत ती परत आली ती आवाजाने जरा जाड होऊन, आणि पोरगा पहिल्यापेक्षा मायाळू झाला. तिला सर्दी झालेली मला ठाऊक होती. ती कुणावर तरी रागावून कामावर आली आहे हे मला दोन भाग सलग ऐकू आलं होतं. पुढे तिला त्याच कार्टूनमध्ये मावशीचंही काम मिळालं, आणि नंतर शेजारच्या म्हातारीचं. भाईला दुसरी बाई परवडत नसल्यामुळे तीही कामं माझ्याकडे आली. पोरगा मावशीशी भांडायचा, मावशी म्हातारीशी, आणि तिघांच्याही मागे आम्ही दोघी.

एकदा दुबईचा एजंट आला होता. त्याच्याकडे एक चकचकीत पुस्तिका होती, तिच्यात एक फोटो होता. सात-आठ माणसं हातात कागद धरून माइकसमोर उभी. तिथे सगळे एकाच खोलीत काम करतात, तो सांगत होता. माइक कमी, माणसं जास्त, म्हणून आपली पाळी आली की न आवाज करता पुढे यायचं आणि बोलून मागे सरायचं. पायांत मऊ सपाता. पान उलटतानासुद्धा आवाज करायचा नाही. त्याने बोटाने तिला दाखवलं. बुटकी, चष्मा, अंगात लोकरी जाकीट. बँकेत टोकन देणारी बाई असते तशी. तिकडे तिला रस्त्यात आवाजावरून ओळखतात, शाळेतली मुलं तिला पत्रं पाठवतात आणि ती उत्तरं देते, असंही तो म्हणाला. मी त्याला विचारलं, तिला माहीत आहे का की इथे हिंदीत तिचा पोरगा मी करते? तो हसला. तिला कशाला माहीत असेल, म्हणाला. अगदी सहज म्हणाला, आणि म्हणूनच मला ते फार लागलं.

इकडे आमच्या घरात माझी मुलगी त्या पोराची भक्त झाली होती. तिच्याशी मी मराठीत बोलायचे, ती उत्तर इंग्रजीत द्यायची, पण त्या पोराची हिंदी वाक्यं तिला तोंडपाठ होती. माझं ती काही ऐकत नसे. दूध समोर ठेवलं की साय, वास, पोटात दुखणं, सगळी नाटकं. शेवटी एका भागात, जिथे पोरगा पाठमोरा उभा राहून काहीतरी पुटपुटतो, तिथे मी मूळ वाक्य काढून टाकलं आणि बोलले, "दूध पीकर निकलो, वरना नाव खींचते-खींचते गिर जाओगे." भाईला पत्ता लागला नाही. ती कॅसेट घरी आली त्या आठवड्यापासून मुलगी दूध पिऊ लागली. कुवेतपासून मस्कतपर्यंत आणखी किती पोरं माझ्या मुलीपायी दूध प्यायली असतील कोण जाणे. तिने पहिल्यांदा पेला रिकामा केला त्या संध्याकाळी मी एवढी खुश होते की नवऱ्याने विचारलं, आज काय झालंय तुला?

आणि मग संक्रांतीचं हळदीकुंकू. एका घरी आम्ही पंधरा-वीस बायका बसलो होतो. तिळगूळ हातात आहे, आणि यजमानीणबाई म्हणते, तो कार्टूनमधला कार्टा बंद करायला हवा, आमचा मुलगा त्याच्यासारखं उलटं बोलायला लागलाय. दुसरी म्हणाली, नक्की कुणीतरी दिल्लीचं वाया गेलेलं पोरगं असणार, आवाजातच मस्ती आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हसूही आलं आणि संतापही. मला उभं राहून त्याच आवाजात म्हणावंसं वाटलं की बायांनो, तो कार्टा तुमच्यासमोर पाय दुमडून बसलाय. मी तिळगूळ तोंडात टाकला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की आता पुरे झालं. भाईची कंपनी माझं वर्क परमिट करायला तयार आहे, त्याचा कफील, तिथला कुवेती जामीनदार, तोही हो म्हणालाय. तू एक सही दे, मी तुझ्या व्हिसावरून निघून माझ्या व्हिसावर येते. मग कॅसेटवर नाव घालता येईल, मुलीला सांगता येईल, क्लास सुटेल.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे सांगितलं की त्याच्या साहेबांच्या, मित्रांच्या बायका बँकेत आहेत, शाळेत शिकवतात. गॅरेजवर उभं राहून पोराच्या आवाजात ओरडणं हे सांगण्यासारखं काम नाही. "छंद आहे, घरात राहू दे," तो म्हणाला. काम शुवैखमध्ये, आणि छंद घरात राहू दे. सही त्याने दिली नाही. भाईने एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. मी ठरवलं की दहावीपर्यंत थांबायचं नाही. पोराचे भाग आता संपत आले होते, एक-दोन लॉट राहिले होते. ते पुरे झाले की मुलीला शेजारी बसवून सांगायचं, तो मी आहे. शाळेत सांगितलं तरी सांगू दे. एवढं एक मला हवं होतं.

त्यानंतरचा लॉट आला तेव्हा तिच्या श्वासात काहीतरी बिघडलं होतं. आधी मला वाटलं पुन्हा सर्दी. पण सर्दी भागागणिक वाढत नाही. पूर्वी एका दमात काढायची ते वाक्य ती मध्ये तोडू लागली. पोरगा धावत येऊन बोलायचा ती जागा तर ऐकवत नसे. आत कुठेतरी शिट्टीसारखं वाजायचं. पुढे पुढे तिने वाक्यं मुद्दाम हळू करून घेतली, लपवायला. कुणाला कळलं नसेल. माझ्या कानात ती इतकी वर्षं राहत होती, माझ्यापासून काय लपणार?

मी तिच्यामागे गेले. ती तोडेल तिथे मी तोडलं. रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून विचारलं, "मॅडम, साँस काट दूँ क्या?" मी नको म्हटलं. त्याला ते चमत्कारिक वाटलं असणार. मला विचाराल तर त्यात चमत्कारिक काही नव्हतं. त्या पोराला तिने वाढवलं होतं. तिला धाप लागत होती तर त्यालाही लागायला हवी होती, धावून आल्यावर, नाव ओढताना. त्याला तिच्यावाचून धडधाकट करून टाकणारी मी कोण? आणि खरं सांगायचं तर तिच्याखेरीज त्या खोक्यात माझं दुसरं कोणी नव्हतंच.

तीन-चार कॅसेटी बाजारात गेल्या आणि भाईने मला त्याच्या दुकानात बोलावलं. त्याने चहा मागवला. चहा मागवला म्हणजे बातमी वाईट, एवढं मला ठाऊक होतं. गिऱ्हाइकं कुरकुर करत होती. सालमियातला दुकानदार म्हणाला होता की पोरगा मरायला टेकल्यासारखा वाटतो.

"भाई, मूळच्यात तसंच आहे," मी म्हटलं. "ती बाई आजारी आहे."

"वहिनी, पोरांना जपानी बाय ऐकू येत नाय. पोरांना तुमी ऐकू येता."

मी म्हटलं की मी जे करते ते तिचं ऐकूनच करते, पहिल्यापासून, आणि तेच तुम्हाला इतकी वर्षं आवडलं. तो म्हणाला, तेव्हा ती बरी होती. तिला तिकडे आजारी पडू दे, आपण कशाला पडायचं?  तो बरोबर होता असं मला अजूनही वाटत नाही. पोराला जरा जोर द्या, एवढं म्हणून त्याने चहा संपवला. मी जोर दिला नाही.

शेवटचा लॉट आला. मी हेडफोन लावला, पोरगा बोलला, आणि कानात दुसरीच बाई होती. आवाज हुबेहूब. खोटं बोलण्याआधीचा तो नाकातला श्वाससुद्धा तिने उचलला होता, पण तो तिचा नव्हता, शिकलेला होता. मी हेडफोन काढून ठेवला. रेकॉर्डिस्टला म्हटलं, दुबईला फोन लाव. त्याने भाईला विचारून लावला. एजंट म्हणाला, हो, ती गेली. छातीचा आजार होता. शेवटपर्यंत कामावर यायची. तिकडे पेपरात फोटो आले, मुलांनी स्टुडिओच्या दारात फुलं आणून ठेवली, टीव्हीवर लोक पोराची वाक्यं म्हणून रडले. या सगळ्याला एक-दीड वर्ष होऊन गेलं, म्हणाला. मी तिच्या मागे मागे धापा टाकत होते तेव्हा ती राहिलीच नव्हती. मी फोन खाली ठेवला तेव्हा एजंट विचारत होता की नवी बाई तिच्यासारखीच बोलते, मग अडचण काय आहे?

त्या दुपारी काम झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले. नवी बाई तरुण होती, छाती भरून श्वास घ्यायची, लांब वाक्य एका दमात फेकायची. मी तिच्याबरोबर जाऊच शकले नाही. शरीराला ती जुनी सवय लागली होती. नवी बाई धावत सुटायची आणि मी मध्येच थांबायचे, जिथे ती आधीची थांबली असती तिथे. पुन्हा केलं, पुन्हा तेच.  रेकॉर्डिस्टने सगळं तसंच भाईकडे पाठवलं.

यावेळी चहा आला नाही. भाई स्वतःच वर आला. त्याने मूळ कॅसेट लावली, मग माझी लावली, आणि दोन्ही बंद केल्या.

"आता तर जपानी बाय पण ठणठणीत आहे," तो म्हणाला. "आता कोण आजारी आहे, वहिनी?"

तो दुष्टपणाने बोलला नाही. त्याच्या जागी मी असते तरी हेच विचारलं असतं. पण मला त्याचा असा राग आला की मी पर्स उचलली, मंगळसूत्र हातातच घेऊन जिना उतरले आणि टायरवाल्याच्या सावलीत, मला रोज ने-आण करणाऱ्या भाईच्या व्हॅनची वाट बघत उभी राहिले. पुढच्या आठवड्यात व्हॅन आली नाही. काही दिवसांनी भाई खजुराचा डबा घेऊन घरी आला, नवऱ्याशी बोलत बसला. आता मुंबईत स्टुडिओ झालेत, तिकडे कॉलेजच्या पोरी निम्म्या पैशांत आणि झटपट करतात, चॅनेलवालेही तिथूनच करून घेतात. राहिलेले भाग तिकडे दिलेत. नवऱ्याने त्याला दारापर्यंत सोडलं आणि परत येऊन मला म्हणाला, बरं झालं, डोक्याचा ताप गेला. ओळखीच्यांत त्याने सांगून टाकलं की हिचा कोर्स पूर्ण झाला. मराठी मंडळातल्या बायकांनी माझं अभिनंदन केलं.

माझ्यासाठी कुणी फुलं आणणार नव्हतं आणि मला ती नकोही होती. पण मी होते याची कुठे एक खूण नव्हती. पाट्या भाईने कापल्या होत्या, अकाम्यावर मी गृहिणी होते, आणि जिचा श्वास मी इतकी वर्षं घेतला तिला मी ठाऊक नव्हते. उरली होती मुलगी. माझे भाग संपलेत, आता सांगायचं, असं मी ठरवलं. नवऱ्याला विचारायची गरज नव्हती. काम गेलं होतं, आता कोण पकडणार?

शुक्रवार होता, सुट्टीचा. भाईच्या माणसाने मुंबईत झालेल्या भागांची पहिली कॅसेट नेहमीप्रमाणे घरी आणून दिली होती, आणि मुलीने जेवण होताच ती लावली. ती तेव्हा दहाची होती, कार्टून बघायचं तिचं वय सरत आलं होतं, पण त्या पोराला तिने सोडलं नव्हतं. नवरा पेपर घेऊन सोफ्यावर बसला होता. मी भांडी तशीच टाकून आले आणि तिच्याजवळ खाली बसले. सुरुवात कशी करायची ते मनात जुळवत होते. मराठीत सांगायचं ठरवलं होतं, आणि मग त्याच आवाजात एक वाक्य बोलून दाखवायचं.

पडद्यावर पोरगा बंदरावर धावत आला आणि बोलू लागला. मुलगी माझ्याकडे वळली. तिचा चेहरा उजळला होता.

"मम्मा," ती म्हणाली, "ही इज नॉट सिक एनीमोर."

मी विचारलं, म्हणजे काय गं? तिने इंग्रजीतच समजावलं. आधीच्या कितीतरी कॅसेटमध्ये त्याला श्वास घेता येत नव्हता, तो आता मरणार असं तिला वाटायचं. तिला भीती वाटायची. काही भाग तर तिने शेवटपर्यंत बघितलेच नाहीत, मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही, कारण त्या कॅसेट मी मागवते असं तिला वाटत होतं. आता कुणीतरी त्याला नीट केलं. आता तो छान आहे.

नवऱ्याने पेपर खाली घेतला नाही. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

"हो," मी म्हटलं. "बरा झाला."

तिने माझा हात धरला आणि आम्ही दोघींनी तो भाग शेवटपर्यंत बघितला. पोरगा चांगला बोलत होता. कुठेच थांबत नव्हता.